तिसऱ्या देशाची वकिलात

सिहोरा, २० ऑक्टोबर २००२

रत्नमालाताई, जयभीम.

"मले डेपोत फोन कराचा नाई. केला त मी उचलनार नाई. तिनं तिचं काम करावं, मी माह्यं करतो. घरचे सगळे बरे हायेत. बस, इतकंच लिव."

वरचं तुमच्या भावाने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पत्र झालं असं समजून ते ड्यूटीवर गेले. कागद बराच कोरा उरला आहे, म्हणून पुढचं मी लिहिते.

मी रश्मी, सुगतची बायको. आपली भेट नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात आमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही आफ्रिकेत, मापुतोच्या आपल्या वकिलातीत होतात. तुमची शाल आली होती आणि चार भाषांत शुभेच्छा लिहिलेलं एक कार्ड. माझं माहेर कारध्याचं. तुमसरच्या कोर्टात मी लघुलेखक आहे. साक्षीदार बोलेल ते लिहायचं, साहेब सांगतील ते लिहायचं, आपलं त्यात काही घालायचं नाही. घरी आल्यावरही हेच काम करावं लागेल असं लग्न ठरवताना कोणी बोललं नव्हतं.

तुमची बाजू मला माहीत नाही. इकडची तुम्हाला माहीत असावी म्हणून सांगते. दिवाळीनंतर तुम्ही आईंना तिकडे बोलावून घेतलंत. फेब्रुवारीत त्या तिथेच वारल्या. तुमचा फोन आला तेव्हा अंत्यसंस्कारसुद्धा होऊन गेले होते. हे दोन दिवस घरी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले. तुमसरच्या स्टँडवर भैय्याजींचं कँटीन आहे. भैय्याजी हातात पेपर घेऊन ओरडतच बाहेर आले, "कंडक्टरसाहेब, पेढे कुठी हायेत? बहीन पेपरात आली तुमची!" फोटोत दोन देशांचे मंत्री हात मिळवत होते आणि त्यांच्या मधोमध, जरा मागे, पांढऱ्या साडीत तुम्ही होतात. खाली तारीख छापली होती. आई गेल्या तीच.

ह्यांनी पेढे आणले आणि सगळ्या डेपोला वाटले. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "माय गेली त्या दिवशी थे मंत्र्याच्या बाजूले उभी होती." पूर्वी हे तुम्हाला 'बाई' म्हणत, मोठी बहीण म्हणून, असं आई सांगायच्या. आता घरात तुमचा विषय निघालाच तर 'परराष्ट्र खातं' असा निघतो.

आणखी एक. फेब्रुवारीत मला बाळ होणार आहे. हे तुम्हाला कळवू नको असं मला कोणी सांगितलेलं नाही. कळव असंही सांगितलेलं नाही.

रश्मी


सिहोरा, १६ मार्च २००३

रत्नमालाताई,

तुमचं पत्र मिळालं. ह्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. चपला घालता घालता म्हणाले, "वाच तू. मी आयकतो." मग चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला.

तुम्ही लिहिलंय की दोन देशांचे संबंध तुटले की ते तिसऱ्या देशाच्या वकिलातीत एक खोली घेतात आणि तिथून एकमेकांना निरोप धाडतात. "ती खोली तू झालीस, याचं मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं," असं तुमचं वाक्य आहे. ते मी वाचून दाखवलं. तुमचे बंधू म्हणाले, "खोलीले भाडं देते का म्हना." हे तुम्हाला कळवायचं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मला गंमत वाटली म्हणून कळवते.

मुलगी झाली. दहा फेब्रुवारीला, तुमसरला. दोघी ठीक आहोत. रंग तुमच्या आईंचा आहे, नाक कोणाचं ते अजून ठरलेलं नाही.

नाव मात्र ठेवलेलं नाही, आणि त्याची हकीकत तुम्हाला कळायलाच हवी. आंबागडहून तुमची चुलतबहीण रुखमिणी नवं लुगडं नेसून आली होती. सख्खी आत्या परदेशात, मग कानात नाव चुलत आत्याच सांगणार, असं तिने आणि सगळ्या बायांनी धरूनच चाललं होतं. पाळणा बांधला, मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण पंचशील झालं. रुखमिणी पाळण्यावर वाकली आणि तिच्या पाठीत धपाटे घालायला सीताबाई शेजारीण पदर खोचून तयारच. तेवढ्यात हे दारातून म्हणाले, "थांब. नाव नाई ठेवाचं."

"काहून?" रुखमिणीने विचारलं.

"लेकराले सख्खी आत्या हाय. हक तिचा हाय."

"मंग बलाव ना तिले!"

"बलावनारबी नाई."

रुखमिणी काही ऐकून घेणारी नाही. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "कौतिकाबुढीनं तुले पाठीवर बांधून मोहफुलं येचली, पन अक्कल नाई बांधली तुह्या पदरात." मला त्या दिवशी कळलं की तुमचे आईवडील मँगनीजच्या खाणीवर कामाला असताना तुम्हा दोघांना आंबागडला कौतिका आजीने, म्हणजे आईंच्या आईने, वाढवलं. सगळे हसले. हेही हसले. पण नाव काही ठेवू दिलं नाही.

तेव्हा सध्या दवाखान्याच्या कार्डावर 'रश्मीचे बाळ' असं आहे आणि घरात आम्ही तिला चिमी म्हणतो. भांडण तुमच्याशी आणि हक्कही तुमचाच. कोर्टात अशी भूमिका कोणी घेतली असती तर साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं असतं.

एक विचारायचं होतं. आई जाण्याआधी काही बोलल्या का? हे विचारत नाहीत. पण परवा जेवताना अचानक म्हणाले, "मायले तिथली बोली समजत नसंन. कोनाशी बोलली असंन थे?" मला ते माहीत नाही.

रश्मी


सिहोरा, २९ जून २००३

रत्नमालाताई,

तुमचं उत्तर ह्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. गाळलं काहीच नाही. तुमचे शब्द असे होते: "आई शेवटपर्यंत बोलत होती. सुगतच्या मुलाचं नाव काय ठेवायचं ते तिने मला सांगितलं. ते मी कागदावर लिहिणार नाही आणि तुझ्याजवळही सांगणार नाही. सुगतने मला विचारावं, मी त्याच क्षणी सांगेन."

हे खाटेवर बसून ऐकत होते. पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग लिहायला सांगितलं ते हे:

"मायचं बोलनं तिनं आपल्याजवळ कायले ठेवलं? थे काय सरकारी गुपित हाय? मी इचारनार नाई. तिले आठ भाषा येतेत, त्यातल्या एकीत आपून होऊन सांगाले काय होते?"

इथपर्यंत त्यांचं.

आता माझं. ताई, दोन्ही बाजूंनी चर्चेच्या आधीच अट घातली आहे. तुम्ही हे रोज पाहत असाल. असं झालं की पुढे काय होतं ते मला माहीत नाही, पण कोर्टात तारीख पडते. मला राग येतो, खरं सांगते. तुम्हा दोघांचाही येतो. त्या नावाची मालकीण इथे माझ्या मांडीवर पाय झाडते आहे आणि तिला कोणी विचारत नाही.

तुम्ही शेवटी त्या दिवसाबद्दल चार ओळी लिहिल्यात. आई पहाटे गेल्या. पेटीत घालून आणायचं तर विमानं बदलत आठवडा लागला असता आणि तसं करू नको असं आईच सांगून गेल्या होत्या. तिथल्या गुजराती मंडळींच्या स्मशानात सकाळी सगळं उरकलं. दुपारच्या बैठकीला पोर्तुगीज जाणणारं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. "चार तास मी दुसऱ्यांचं बोलणं बोलत होते. मला स्वतःचं काही बोलायचं नव्हतं म्हणून ते जमलं," असं तुम्ही लिहिलंय. ते मला समजलं. साक्षीदार रडायला लागला तरी माझी पेन्सिल चालूच ठेवावी लागते. घरी येऊन भात चढवला की मग तो करपतो.

ह्यांना मी हेही वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले आणि हौदावर बराच वेळ सायकल धूत बसले. सायकल स्वच्छच होती.

रश्मी


सिहोरा, ४ सप्टेंबर २००५

रत्नमालाताई,

तुम्ही जिनिव्हाहून धाडलेलं लाकडी घोड्याचं खेळणं पोचलं. चिमी त्याला बैल म्हणते.

बाकी विशेष नाही. भाताची रोवणी संपली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ह्यांच्या डेपोत बदल्यांची भीती चालू आहे, या वर्षीही ती नुसती भीतीच निघाली. चिमीला अंगणवाडीत घातलं. मंगलाबाई म्हणून तिथल्या बाई आहेत, त्यांनी हजेरीत 'सुगत यांची मुलगी' असं लिहिलं आहे. रोज सकाळी तसंच पुकारतात. चिमीही तसंच ओ देते.

तुम्ही आता फ्रेंचमध्येही भाषण करता आणि एका ठरावातला एक शब्द बदलून घेण्यासाठी अकरा दिवस बसून होतात, हे मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी विचारलं, "मंग बदलला का?" मी म्हटलं, "बदलला." म्हणाले, "लहानपनापासून तशीच हाय. पाटी घेतली त सोडेच नाई." आवाजात कौतुक होतं, असं माझं मत. मत घालायचं नसतं, पण घातलं.

रश्मी


सिहोरा, १८ डिसेंबर २००६

रत्नमालाताई,

दिल्लीला सुखरूप पोचलात हे कळलं. तुम्ही आलात, अंगणात खाटेवर बसलात, चिमीला मांडीवर घेतलंत. सीताबाईने, "आता आलीच हायेस त ठेवून टाक नाव," असा धोशा लावला तेव्हा तुम्ही हसून, "त्याला येऊ दे," एवढंच म्हणालात. संध्याकाळपर्यंत वाट पाहिलीत. ते आले नाहीत. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. जे तुम्हाला दिसलं नाही ते लिहिते.

ह्यांनी त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतली होती. त्यांच्या बसचे ड्रायव्हर इश्वरभाऊ आमच्याकडे येऊन-जाऊन असतात. त्यांनी मला सांगितलं. सकाळी तुमची सरकारी गाडी तुमसरहून सिहोऱ्याकडे निघाली तेव्हा पुढे एक एसटी होती, आठवतं? तुमचा ड्रायव्हर सारखा हॉर्न देत होता. ती एसटी ह्यांचीच होती. हे मागच्या सीटशी उभे राहून काचेतून पाहत होते. इश्वरभाऊ बाजू द्यायला तयार नव्हते, रस्ता अरुंद होता. ह्यांनी घंटी मारून बस कडेला घ्यायला लावली. एक म्हातारा कुरकुरला, "काहून थांबोली गा?" तर हे म्हणाले, "साहेबाची गाडी हाय. जाऊ द्या तिले." आणि तुमची गाडी निघून गेली तरी दुसरी घंटी मारायचं विसरले. शेवटी इश्वरभाऊंनीच मागे वळून पाहिलं.

तुम्ही गेल्यावर अंधार पडायच्या सुमारास घरी आले. बसले. मग एकेक प्रश्न.

"जेवली का थे?"

"जेवल्या."

"काय जेवली?"

"भात आणि लाखोरीची भाजी. दोनदा मागून घेतली."

"मिरची लागली असंन."

"नाही लागली."

"वाळली का?"

"तुम्ही पाहिलं नाही का?" मी म्हटलं.

मी त्या वेळी शांत होते, आता लिहिताना संताप येतो आहे. तुम्ही दिल्लीहून इथपर्यंत आलात आणि तो माणूस तुम्हाला रस्ता देऊन स्वतः दूर राहिला. तुम्हीही दुपारी एकदा तुमसरच्या स्टँडवर जाऊन उभ्या राहिला असतात तर काय बिघडलं असतं? अकरा दिवस एका शब्दासाठी बसता येतं, आणि भावाच्या बसची वाट पाहता येत नाही? हे रागाचं आहे, पण खोडत नाही.

चिमी तुमच्यासारखी मान तिरकी करून बोलायला लागली आहे.

रश्मी


सिहोरा, ५ एप्रिल २००९

रत्नमालाताई,

ब्राझीलला रुजू झालात हे वाचलं. म्हणजे पुन्हा पोर्तुगीज.

आता विषय टाळता येणार नाही. चिमीला सहा पूर्ण झाली, जूनमध्ये पहिलीत घालायचं. आमच्या इथल्या शाळेचे गुरुजी कृष्णराव ह्यांच्या वर्गातलेच. इतके दिवस त्यांनी सांभाळून घेतलं. परवा ह्यांना बसमध्ये गाठून म्हणाले, "सुगत, पोरीचं नाव आन गा. दाखल्यावर 'चिमी' लिवू का मी? उद्या मोठी साहेबीन झाली आत्यासारखी त लोकं म्हनतीन, चिमी साहेब आल्या."

सगळी बस हसली म्हणे. हे घरी येऊन जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "लिव तिले. बुद्धपौर्णिमेले नाव ठेवू. येत असंन त येजो म्हना." मी लिहून घेता घेता मान वर केली. सहा वर्षांत पहिल्यांदा 'येजो' हा शब्द त्यांनी सांगितला होता. लगेच पुढे म्हणाले, "पन मी बोलनार नाई. तिनं तिचं काम करावं, नाव सांगावं. मायनं काय सांगतलं थे तिच्याजवळ हाय, थे पोट्टीले देऊन टाकावं."

तर निरोप हा असा आहे. मी त्यात काही घातलेलं नाही, काढलेलंही नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे की या. चिमी मला विचारते की बाकीच्यांना नाव आहे, मला कधी येईल? जसं काही ते टपालाने यायचं आहे. मला आता या खोलीचा कंटाळा आला आहे, ताई. तुम्ही दोघं आपापल्या वकिलाती उघडा आणि मला मोकळं करा.

रश्मी


सिहोरा, २ मे २००९

रत्नमालाताई,

तिकीट रद्द केल्याचं तुमचं पत्र काल मिळालं. शिष्टमंडळ येत आहे आणि नेमक्या त्याच आठवड्यात, हे मी ह्यांना वाचून दाखवलं.

ते हसले. तसं हसू मला आवडत नाही. "पाह्य," म्हणाले, "पुन्हा शिष्टमंडळ. मायच्या वक्तीबी तेच, आता पोट्टीच्या वक्तीबी तेच."

मला वाटलं सगळं संपलं. पण थोड्या वेळाने म्हणाले, "बाया सांगून ठेवल्या हायेत. खीर ठरली हाय. होऊ दे. फोन लाव तिले त्या वक्ताले, पोट्टीच्या कानाले लाव. मी बाजूले राहीन."

टपालाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून तुमसरहून फॅक्सने धाडते. नऊ तारखेला संध्याकाळी सहाला फोन करीन. तुमच्याकडे सकाळ असेल. बैठकीला जाण्याआधी दहा मिनिटं ठेवा. तुम्हाला इतकं कडक कधी लिहिलं नव्हतं. आता लिहिते: या वेळी फोन उचलला गेला नाही, तर नाव रुखमिणी ठेवील आणि मी तिला अडवणार नाही.

रश्मी


सिहोरा, ११ मे २००९

रत्नमालाताई,

तुम्हाला फोनवर फक्त आवाज ऐकू आले. इथे काय घडलं ते तुम्हाला दिसलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

अंगणात बाया जमल्या होत्या. रुखमिणी आंबागडहून आली होती, सहा वर्षांपूर्वीचंच लुगडं नेसून, मुद्दाम. पाळण्यात चिमी मावत नव्हती, म्हणून तिला खुर्चीवर बसवली. वंदना झाली. हे खिरीच्या गंजाजवळ, त्या मोठ्या पातेल्याजवळ, पळी घेऊन उभे होते, तिथून हलायचं नाही असं ठरवूनच.

मी फोन लावला. तुम्ही उचललात. मी तो चिमीच्या कानाला लावला आणि सगळ्या बाया जवळ सरकल्या. चिमी ऐकत होती. "हो," म्हणाली. मग "हं." मग, "बरं आत्या, नाई सांगत."

तिने फोन कानापासून काढला, पण दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला.

"काय नाव सांगतलं गे?" सीताबाईने विचारलं. हात तयारच होता तिचा.

"सांगतलं," चिमी म्हणाली. "पन मी नाई सांगत. आत्या म्हने, बाबा इचारतीन तवाच. आन मले नाई इचाराचं, आत्यालेच इचाराचं. आत्या फोनवर हाय अजून."

ताई, तुम्ही मोठमोठ्या लोकांशी बोलणी केली असतील. पण सहा वर्षांच्या पोरीला दूत करून पाठवायची ही चाल मला सुचली नसती. रुखमिणी तोंडाला पदर लावून हसत होती. मी हसले नाही. मला भीती वाटत होती. सगळ्या बाया ह्यांच्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटलं आता पळी आपटतील आणि फाटकातून निघून जातील. ते गेले असते तर चिमीचं नाव गेलं असतं आणि आईंचं ते शेवटचं बोलणंही.

चिमी खुर्चीवरून उतरली. फोन घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि हात वर करून उभी राहिली. एवढंच म्हणाली, "बाबा, माह्यं नाव."

ह्यांनी पळी गंजात ठेवली. हात पंचाला पुसले, पुन्हा पुसले. फोन घेतला. त्या वेळी तुम्हाला बराच वेळ काही ऐकू आलं नसेल, तेव्हा असं चाललं होतं. फोन कानाला होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग म्हणाले:

"बाई."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आठ वर्षं झाली लग्नाला.

"बाई, माय काय म्हने?"

पुढचं मी ऐकलं नाही. ते बोलत बोलत बोडीच्या पाळीपर्यंत, म्हणजे तळ्याच्या बांधापर्यंत गेले, आमच्याकडे पाठ करून. बायांनी खीर वाढायला घेतली, तिकडे पाहत नसल्यासारखं करत होत्या, आणि सगळ्याच पाहत होत्या. तुमची बैठक होती. तिचं काय झालं ते तुम्हालाच माहीत. इथे खीर गार झाली तरी बोलणं चालूच होतं.

रात्री जेवताना मला त्यांनी थोडं सांगितलं. शेवटचे दोन दिवस आईंना आपण आंबागडलाच आहोत असं वाटत होतं. नर्स पोर्तुगीज बोलायच्या, तर आई म्हणायच्या, "या बाया गोंडी बोलून राहिल्या, मले थोडं थोडं समजते." तुम्ही त्यांची चूक दुरुस्त केली नाहीत. उलट तुम्ही नर्सचं बोलणं आईंना सांगायचात आणि आईंचं नर्सला, आणि आई तुम्हाला म्हणाल्या की तू गोंडी बरी शिकलीस. मग हे हसले आणि त्यांचं ताट तसंच राहिलं.

तर पाळीवरून परत आले. फोन मला दिला. सगळ्यांच्या मधे उभे राहिले आणि म्हणाले, "कौतिका."

मग रुखमिणीच रडायला लागली, मोठ्याने, आणि रडता रडता म्हणाली, "बुढी आली रे वापस." चिमी मला म्हणाली, "मले पहिलेच मालूम होतं." तुमचीच भाची ती.

सीताबाईला मात्र रीत सोडवेना. नाव झालं, आता आत्याच्या पाठीत धपाटे हवेत, आणि आत्या ब्राझीलला. "मंग पाठ कोनाची?" तिने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तिने तुमच्या भावाच्या पाठीत एक घातला. मग रुखमिणीने घातला. मग सगळ्याच तुटून पडल्या. हे वाकून उभे राहिले आणि मार खात राहिले. बराच वेळ त्यांनी तोंड वर केलं नाही. त्यांनाही ते सोयीचं होतं असं मला वाटलं.

आज शाळेत नाव लिहून आलो. दाखल्यावर आता 'कौतिका सुगत' आहे. मला ते नाव जरा जुनं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण काल दिवसभर हाक मारून पाहिली. बसतं ते तिला.

तेव्हा ताई, तिसऱ्या देशाची ही वकिलात आता बंद करायला हरकत नाही. मला मोकळं वाटायला हवं होतं. थोडं सुनं वाटतं आहे. सात वर्षं तुमची पत्रं आधी मी वाचली, मग त्यांनी ऐकली. आता पाकीट ते स्वतः फोडतील.

हे पत्र त्यांनी मागून घेतलं आणि वाचलं. खाली थोडी जागा सोड म्हणाले. सोडते.

रश्मी

बाई,
रश्मीनं समदं बराबर लिवलं. मी रडलो थे लिवलं नाई, थे बरं केलं. फोन डेपोत नोको करू, घरी करजो, मी उचलतो. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले येजो. धपाटे तुह्ये होते, मी खाल्ले. थे तुले वापस कराचे हायेत.
सुगत